नाखुशीने वाचलेले चार ग्रंथ



या व्याख्यानमालेसाठी मी विषय कळवला, त्याच्या दुसऱ्या दिवशी कार्यवाहांचा दूरध्वनी आला. "विषय लिहून घेताना आमची काही चूक तर झाली नाही ना?" असे त्यांनी फार अदबीने विचारले. चूक झालेली नव्हती. बोलण्यासारखे इतके विषय पडलेले असताना मराठीच्या एका निवृत्त प्राध्यापकाने अमेरिकेतल्या एका शाळकरी मुलीच्या आणि एका रक्त पिणाऱ्या भुताच्या प्रेमकथेवर तासभर बोलावे, हे काही वर्षांपूर्वी मलाच हास्यास्पद वाटले असते. परंतु या पुस्तकांविषयी मी पूर्वी एकदा बोललेलो आहे, आणि तेही न वाचता. तेव्हा आज वाचून बोलणे हे माझ्याकडचे एक जुने देणे आहे, असे समजा.

हकीकत अशी. २००९ च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझी भाची आमच्याकडे राहायला आली होती. दहावीची परीक्षा नुकतीच झालेली. आदल्या वर्षी तिचे वडील, म्हणजे माझे मेहुणे, अकस्मात गेले होते आणि पोर अबोल झाली होती. तिने वाचावे म्हणून मी तिच्या लहानपणापासून खटपट केली. प्रत्येक वाढदिवसाला एक चांगले पुस्तक. ती ते घेई, वाकून नमस्कार करी, आणि पुस्तक जसेच्या तसे कपाटात जाई. त्या सुट्टीत मात्र ती दिवसच्या दिवस खिडकीत बसून काळ्या वेष्टनाचे एक जाडजूड इंग्रजी पुस्तक वाचत होती. वेष्टनावर दोन गोऱ्या हातांच्या ओंजळीत एक लाल सफरचंद. मी ते उचलले, मागचा मजकूर वाचला, आणि दोन स्नेही बसलेले होते त्यांच्यादेखत म्हणालो, "असले वाचण्यापेक्षा तू वाचत नव्हतीस तेच बरे होते." स्नेही हसले. भाचीने पुस्तक मिटले. त्यानंतर माझ्या घरात तिने कधी पुस्तक उघडलेले मला आठवत नाही.

आता ती एका बँकेत अधिकारी आहे. मागच्या एका भाऊबीजेला मी बहिणीकडे गेलो असताना तिने आतून चार ग्रंथ आणले आणि माझ्यापुढे ठेवले. म्हणाली, "मामा, ओवाळणी आईला घातलीस. मला एक दे. ही चारही वाच, आणि मग काय बोलायचंय ते बोल." नाही म्हणण्याची सोय उरली नाही.

हे चार ग्रंथ म्हणजे स्टेफनी मायर या अमेरिकन लेखिकेची 'ट्वायलाइट' ही मालिका. पहिला भाग 'ट्वायलाइट' २००५ साली निघाला. मग 'न्यू मून', 'इक्लिप्स' आणि २००८ साली 'ब्रेकिंग डॉन'. संधिप्रकाश, अमावास्या, ग्रहण, पहाट! नावे पंचांगातून उचलल्यासारखी आहेत. चारही मिळून दोन हजारांहून अधिक पाने होतात आणि त्यांच्या दहा कोटींहून अधिक प्रती जगभर खपल्या आहेत. कथा थोडक्यात सांगता येते. बेला स्वॉन ही सतरा वर्षांची मुलगी वाळवंटातले फीनिक्स शहर सोडून, सदैव पावसाळी असलेल्या फोर्क्स नावाच्या लहानशा गावी वडिलांकडे राहायला येते. शाळेत तिला एडवर्ड कलन भेटतो. तो दिसायला सतरा वर्षांचा, पण जन्म १९०१ सालचा. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत शिकागोत मरणाच्या दारी असताना एका डॉक्टरने त्याला व्हँपायर करून 'वाचवलेले' असते. हे डॉक्टरांचे कुटुंब माणसांऐवजी जनावरांचे रक्त पिते आणि आपसांत गमतीने स्वतःला शाकाहारी म्हणवते. पुढे जेकब ब्लॅक नावाचा, लांडग्याचे रूप घेणारा दुसरा तरुण येतो, आणि त्रिकोण पुरा होतो.

व्हँपायरला मराठीत नेमका शब्द नाही. आपला वेताळ विद्वान आहे, हडळ आहे, पिशाच्च आहे. पण दिवसा थडग्यात निजून रात्री शेजाऱ्यांचे रक्त पिणारे प्रेत आपल्या गावगाड्यात नाही, कारण प्रेत आपण बहुधा जाळतो. पूर्व युरोपातल्या खेडुतांच्या समजुतीत हे प्रेत होते, आणि ते मुळीच देखणे नव्हते. फुगलेले, तांबारलेले, कफन चघळणारे असे ते एक किळसवाणे भूत होते. त्याला सरदारकी मिळाली ती साहित्यात. १८१६ च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी कवी बायरन उतरला होता आणि पावसाने कंटाळलेल्या मंडळींनी भुताच्या गोष्टी लिहिण्याची पैज लावली. त्या बैठकीतून मेरी शेलीचे 'फ्रँकेन्स्टाइन' निघाले हे सर्वांना ठाऊक असते. पण बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी याची 'द व्हँपायर' ही कथाही तिथलीच. ती १८१९ साली छापली गेली. तिच्यातला लॉर्ड रूथ्वेन हा बायरनच्याच वळणावर बेतलेला, सुंदर, थंड आणि स्त्रियांचा घात करणारा उमराव आहे. तेव्हापासून हे प्रेत दिवाणखान्यात वावरू लागले. १८९७ साली ब्रॅम स्टोकरने 'ड्रॅक्युला' लिहिले. गंमत अशी, की ड्रॅक्युला दिवसाउजेडी लंडनमध्ये हिंडू शकतो. उन्हाने व्हँपायर मरतो ही कल्पना १९२२ च्या 'नोस्फेरातू' या जर्मन मूकपटाने रूढ केली. म्हणजे मायरबाईंनी उन्हात व्हँपायर मरत नाही, त्याचे अंग हिऱ्यासारखे चमकते, असे लिहिले तेव्हा परंपरा मोडली म्हणून जी ओरड झाली, ती परंपरा एका चित्रपटाएवढीच जुनी होती! १९७६ साली अ‍ॅन राइस यांनी व्हँपायरलाच आपली कैफियत सांगायला बसवले. मग शाळेच्या बाकापर्यंत यायला त्याला फारसे अंतर उरले नाही.

इथे माझ्या पूर्वग्रहाचे मूळ सांगितले पाहिजे. मराठी कादंबरीचा इतिहास मी तीस वर्षे शिकवला. त्याची मांडणी ठरलेली असते. आधी लक्ष्मणशास्त्री हळबे यांची १८६१ ची 'मुक्तामाला', मग रिसबुडांची १८६८ ची 'मंजुघोषा'. या अद्भुतरम्य कादंबऱ्या, म्हणजे काळोख. नंतर १८८५ च्या सुमारास हरि नारायण आपटे येतात, घराघरातले खरे जीवन लिहितात, आणि उजाडते. परीक्षेत हा प्रश्न हमखास येई आणि विद्यार्थी अद्भुतरम्य या शब्दापुढे 'पलायनवादी' हा शब्द लिहून दोन गुण मिळवीत. मी ते गुण मोकळ्या हाताने दिले. 'मुक्तामाला' मी स्वतः मुखपृष्ठापासून अखेरपर्यंत वाचली ती मात्र निवृत्तीनंतर. तेव्हा भाचीच्या पुस्तकाबद्दल मी जे बोललो ते मी नव्हे, अभ्यासक्रम बोलला, असे म्हणून सुटका करून घेता आली असती. पण तोंड माझेच होते.

पहिला भाग मी पेन्सिल घेऊन वाचायला बसलो, दोष टिपण्यासाठी. दोष भरपूर सापडले. एडवर्डचा चेहरा किती निर्दोष, त्याची त्वचा कशी संगमरवरी, त्याचे डोळे कसे सोनेरी, हे लेखिका इतक्या वेळा सांगते, की मी प्रथम खुणा मोजल्या आणि मग मोजायचे सोडले. भाषेला खोली नाही, विनोद बेताचा आहे. आणि तरीही एका रात्री पाहतो तो दीड वाजलेला. सौभाग्यवतींनी दिवा बंद करण्याविषयी दोनदा सुचवलेले मला ऐकूही आले नव्हते. पेन्सिल केव्हा खाली पडली होती कोण जाणे.

असे का व्हावे? मी परत मागे जाऊन पाहिले. पकड बसते ती जीवशास्त्राच्या वर्गात. बेला या नव्या मुलाशेजारी बसते आणि तो तिच्याकडे अशा काही द्वेषाने पाहतो, की ती हादरते. आपले काय चुकले हे तिला कळत नाही. वाचकाला मात्र, पुस्तकाच्या वेष्टनाच्या कृपेने, तो व्हँपायर आहे हे ठाऊक असते. तो द्वेष नसून तिच्या रक्ताच्या वासाने उठलेली तहान आहे, हे आपण ताडतो. सांगणारी मुलगी ऐकणाऱ्यापेक्षा कमी जाणते, आणि तिला केव्हा कळेल म्हणून आपण पाने उलटतो. युक्ती साधी आहे, पण ती साधण्यासाठी हात लागतो.

दुसरे कारण याहून खोल आहे. प्रेमकथेला अडथळा लागतो. जुन्या कथांत बाप होता, घराण्याचे वैर होते, जात होती, पैसा होता, समुद्र होता. एकविसाव्या शतकातल्या अमेरिकन खेड्यात सतरा वर्षांच्या मुलीपुढे यातले काय उरले? बेलाचा बाप गावचा पोलीसप्रमुख, पण सालस. तिला येताक्षणी एक जुनी मोटार घेऊन देतो. अशा ठिकाणी प्रेमकथा दहा पानांत आटोपेल. म्हणून लेखिकेने अडथळा बाहेरून काढून थेट प्रियकराच्या शरीरात बसवला. त्याला ती हवी आहे, आणि तो फार जवळ आला तर ती मरेल. त्यामुळे हाताला हात लागणे ही पुन्हा एक घटना होते. आपल्या पिढीने कादंबऱ्यांतून ज्या संयमाला रजा दिली, तो या पुस्तकांत भुताच्या पावलांनी परत आला आहे. भरीला हा नायक १९०१ च्या वळणाचा. लग्नाआधी मर्यादा सोडायची नाही अशी त्याची अट, आणि घटस्फोटित आईबापांची मुलगी असलेली नायिकाच लग्नाला बिचकते. आमच्या बहिणीच्या सासूबाई हयात असत्या तर त्यांना हा जावई फार पसंत पडला असता. खाण्याचा प्रश्न तेवढा राहता!

आपल्याकडच्या मुली ही पुस्तके वाचतात तेव्हा त्यांना आणखी एक गोष्ट दिसत असावी. इथे अडथळा शरीरात बसवण्याची गरज नाही. मुलाचे आडनाव अजून आधी विचारले जाते. ज्याच्याशी लग्न करायचे त्याची जातच वेगळी, आणि त्याच्या घरात जायचे तर आपला जन्म मागे टाकायचा. हे वाक्य फोर्क्समध्ये अद्भुत आहे, आमच्या आळीत नाही. रूपालाही आपण परके नाही. उर्वशीसाठी झुरणारा पुरूरवा शतपथब्राह्मणाच्या कथेत अखेर गंधर्व होतो, तेव्हाच त्याला ती लाभते. बेलाही चौथ्या भागात व्हँपायर होते. मर्त्याने अमर्त्याच्या कुळात जाणे ही फार जुनी सोय आहे.

ही कथा सुचली कशी, याची हकीकत लेखिकेनेच सांगितली आहे. जून २००३ मध्ये तिला एक स्वप्न पडले. रानातल्या मोकळ्या कुरणात एक साधी मुलगी आणि चमकणाऱ्या अंगाचा एक व्हँपायर बोलत उभे आहेत. तो तिच्यावर अनुरक्त आहे आणि तिला न मारण्यासाठी झगडतो आहे. त्या वेळी ती अ‍ॅरिझोनात राहणारी, तीन लहान मुलांची आई होती. मुलांचे करता करता तिने सुमारे तीन महिन्यांत पुस्तक लिहून काढले. अमेरिकेत सर्वांत जास्त पाऊस कुठे पडतो ते संगणकावर शोधले आणि वॉशिंग्टन राज्यातले फोर्क्स सापडले. तिथे वर्षाला शंभर इंचांवर पाऊस पडतो, आपल्या कोकणासारखा, फक्त चार महिन्यांत उरकून न टाकता बारा महिने भिजवत ठेवणारा. गाव न पाहताच तिने ते लिहिले.

या न पाहण्याची किंमत दुसऱ्या कुणी दिली. फोर्क्सजवळ ला पुश येथे क्विल्यूट या आदिवासी जमातीची वसाहत आहे, साधारण एक चौरस मैलाची, समुद्राच्या अगदी काठाशी. त्यांच्या मूळकथेत त्यांचे पूर्वज लांडग्यांपासून घडवले गेले, असे आहे. लेखिकेने तो धागा उचलून त्यावर आपल्या मनची लांडगेमाणसे आणि व्हँपायरांशी वैर यांची दंतकथा रचली, आणि ती जगभर 'क्विल्यूट दंतकथा' म्हणून पसरली. पुस्तके, चित्रपट, सदरे, दागिने यांतून अपार पैसा निर्माण झाला. त्यातला वाटा जमातीकडे गेला नाही. सिअ‍ॅटलच्या बर्क संग्रहालयाने जमातीच्या साहाय्याने खरे काय आणि कादंबरीतले काय हे मांडून दाखवले. २०१२ साली अमेरिकन संसदेने कायदा करून ऑलिंपिक राष्ट्रीय उद्यानातली ७८५ एकर जमीन त्यांना दिली, कारण सुनामी आली तर गाव आणि शाळा पाण्यात जाण्याचा धोका होता. कादंबरीतल्या जेकबचे नाव जगाला पाठ आहे. त्याच्या खऱ्या गावाला उंचावर जागा हवी होती, ही गोष्ट मला चार ग्रंथ वाचून कळली नाही, नंतर शोधावी लागली.

आता दुसऱ्या भागाकडे येतो. आपल्या सहवासात बेलाचा जीव जाईल या भीतीने एडवर्ड सप्टेंबरात तिला सोडून निघून जातो. पुढचे पान उलटले तर ते कोरे. मधोमध एकच शब्द, ऑक्टोबर. पुढच्या पानावर नोव्हेंबर. मग डिसेंबर, जानेवारी. बस्स. चार महिने सांगण्यासारखे काही घडले नाही, म्हणून लेखिकेने काही सांगितले नाही. पानेच्या पाने विशेषणे उधळणाऱ्या या बाईला इथे गप्प बसायचे सुचले, याचे मला नवल वाटले. पण माझ्या हातातली प्रत भाचीची होती. तिने ऑक्टोबर या शब्दाखाली पेन्सिलीने एक बारीक रेघ ओढली होती. नोव्हेंबरखाली तशीच, डिसेंबरखाली तशीच. दुसरे काही लिहिलेले नव्हते. माझे मेहुणे गेले ते २००८ च्या सप्टेंबरअखेर.

त्या महिन्यांत आम्ही सगळे तिच्याशी बोलत होतो. मी तर पुस्तके आणीत होतो, दुःखातून माणसे कशी वर आली याची. ती चार कोरी पाने तिला माझ्याकडून मिळाली नाहीत.

म्हणून या ग्रंथांतले सगळेच मला रुचले, असे मात्र समजू नका. एडवर्ड पहिल्या भागात बेलाच्या खोलीत रात्री तिच्या नकळत शिरतो आणि तिला झोपलेली पाहत बसतो. पुढे हे कळल्यावर ती रागावत नाही, सुखावते. तिसऱ्या भागात तिने जेकबकडे जाऊ नये म्हणून तो तिच्या मोटारीच्या इंजिनाचा भाग काढून ठेवतो. चौथ्यात मधुचंद्राच्या सकाळी तिच्या अंगावर काळेनिळे वळ असतात आणि ती त्यालाच धीर देत बसते. आणि जेकबचे मन नवजात बालिकेशी जन्माचे जडते, तो प्रसंग वाचून मी पुस्तक मिटले आणि अंगणात फेऱ्या मारून आलो. संयमी नायक आणि पाळत ठेवणारा नायक एकच आहे, ही या मालिकेची खरी अडचण. तो धोकादायक असल्यामुळेच त्याचा संयम मोलाचा ठरतो, आणि संयम मोलाचा ठरला की त्याची अरेरावीही काळजी म्हणून खपते. पुस्तकाची गोडी आणि पुस्तकाचा दोष एकाच देठाला लागलेले आहेत. एक खुडून दुसरे ठेवता येईल असे मला वाटत नाही.

बेला सारखी वाचवली जाणारी अबला आहे, या टीकेला लेखिकेने दिलेले उत्तर मोठे चमत्कारिक आहे. पहिल्या भागाला दहा वर्षे झाली तेव्हा, २०१५ साली, तिने तीच कथा मुलामुलीची अदलाबदल करून पुन्हा लिहिली. 'लाइफ अँड डेथ' या पुस्तकात मर्त्य मुलगा आहे आणि व्हँपायर मुलगी. माणूस असण्यातच दुबळेपण आहे, स्त्री असण्यात नव्हे, असा तिचा दावा. तो मला अर्धाच पटला, पण टीकाकाराला उत्तर म्हणून सबंध कादंबरी पुन्हा लिहिणारा लेखक मला दुसरा आठवत नाही. मग २०२० साली 'मिडनाइट सन' आले. तीच कथा, एडवर्डच्या मुखाने. जीवशास्त्राच्या त्या वर्गात तो, मुलीला मारायचे तर साक्षीदार म्हणून सगळ्या वर्गालाही कसे मारावे लागेल याचा हिशेब करीत बसलेला असतो. बेलाच्या कथनात जो द्वेषाचा एक कटाक्ष होता, तो इथे पानेच्या पाने उलगडतो आणि प्रेमकथेचे अस्तर दिसते. हे पुस्तक आधी आले असते, तर पुढची चार कुणी इतक्या कौतुकाने वाचली असती का?

पुस्तके परत करायला गेलो तेव्हा मी भाचीला इंजिनाच्या प्रसंगाविषयी विचारले. जरा जपूनच विचारले. पुन्हा उपदेश नको. ती हसली. "मामा, त्या पानाचा कोपरा बघितला नाहीस का? तेव्हाच दुमडलाय मी. सोळा वर्षांची होते, आंधळी नव्हते." मी पाहिले. दुमडलेला होता. महिन्यांच्या पानांविषयी मी काही विचारले नाही, आणि तिनेही विषय काढला नाही.

चौथ्या भागाच्या शेवटावर मात्र आमचे चांगलेच जुंपले. सातशेच्या वर पाने वाचकाला महायुद्धाची हूल द्यायची, दोन्ही सैन्ये बर्फात समोरासमोर उभी करायची, आणि मग बोलणी होऊन शत्रूने माघारी फिरायचे! रचनेच्या दृष्टीने हा शेवट सपशेल फसलेला आहे, असे मी तिला सांगितले आणि आजही माझे तेच मत आहे. ती म्हणाली, "असेल. पण सगळे आपापल्या घरी परत येतात असं एक तरी पुस्तक मला तेव्हा हवं होतं."

यावर मला बोलता आले नाही. बहिणीने चहा आणला. 'लाइफ अँड डेथ' भाचीने वाचलेले नाही असे कळले, तेव्हा माझी प्रत मी तिला दिली आहे. तिचे काय मत पडते ते पाहायचे आहे.